जास्वंदीला खत आणि शेवाळाला विष?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आमच्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, एका तळीविषयी एका सद्गृहस्थांचं पत्र आलं आहे. तळीचं पाणी हिरवं झालं आहे, ही क्षुद्र वनस्पतीची घाण औषध टाकून एकदाची संपवावी, आणि काठाने देवाला प्रिय अशी जास्वंदीची रांग लावावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तळमळ खरी आहे. तळी त्यांच्याइतकीच माझीही आहे, लहानपणी मी तिथेच पोहायला शिकले. पण एका वाक्यात जास्वंदीला डोक्यावर घ्यायचं आणि शेवाळाला पायाखाली तुडवायचं, हे मला पटलं नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जागा असेल तसं छापा.

मी शास्त्रज्ञ नाही, शिक्षिकाही नाही. एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. शिकवायचं काम सरांचं. धुणं, पुसणं, भरून ठेवणं आणि जगवणं माझं. फुलाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी जास्वंदी गोळा करून आणायच्या, आणि उत्तरेच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीत क्लॅमिडोमोनस नावाचं एकपेशीय शैवाल वर्षभर जिवंत ठेवायचं, ही दोन्ही कामं माझीच. दोघांशीही माझा हातांचा संबंध आहे.

आधी जास्वंदीचं, कारण तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रात्यक्षिकाला फूल घ्यावं ते लाल, एकेरी, पाच पाकळ्यांचं. भरगच्च डबल जास्वंद दिसायला देखणी, पण तिचे बरेचसे पुंकेसर पाकळ्याच होऊन बसलेले असतात आणि मुलांना काही म्हणजे काही सापडत नाही. एकेरी फुलात मधली दांडी बघून प्रत्येक वर्गातली निम्मी मुलं ती एकच काडी समजतात. ती नळी असते. पुंकेसरांचे तंतू एकमेकांना चिकटून झालेली नळी, आणि तिच्या पोटातून स्त्रीकेसराचा दोरा वर जातो. टोकाला त्याचे पाच फाटे होतात आणि प्रत्येक फाट्यावर मखमलीसारखा लाल गोंडा. ब्लेड अगदी हलक्या हाताने उभं फिरवलं, तर आतला दोरा अख्खा निघतो. घाई केली की तुटतो. आमच्याकडे तो बहुतेकदा तुटायचाच, म्हणून मी फुलं नेहमी जास्त आणायचे. खाली अंडाशय आडवा कापला की पाच कप्पे दिसतात. एव्हाना ब्लेड बुळबुळीत झालेलं असतं. ही बुळबुळ भेंडी चिरताना रोज हाताला लागते तीच. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस, सगळी माल्व्हेसी कुळातली भावंडं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली आपल्या लाल जास्वंदीचं हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असं बारसं केलं, ते नाव आजही चालतं.

उरलेल्या पाकळ्या मी टाकून देत नसे. गरम पाण्यात घातल्या की रंग उतरतो, त्यात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवा. सातवीच्या वर्गाला आम्ल आणि अल्कली दाखवायला यापेक्षा स्वस्त काही नाही.

एवढा सगळा थाट, आणि आपल्या परसातली लाल दासण, म्हणजे हीच जास्वंद, सहसा बी धरतच नाही. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी देठासकट गळून पडतं. शिंजीर पक्षी येतो, मध पिऊन जातो, परागकणही इकडचे तिकडे होतात, पण फळ क्वचितच दिसतं. गोव्यात घरोघरी जी जास्वंद आहे ती शेजारणीकडून फांदी मागून आणून पावसाच्या तोंडावर रोवलेली. म्हणजे पुनरुत्पादनाचा एवढा सुंदर अवयव असूनही वंश वाढतो तो माणसाच्या कोयत्यावर. हे मी जास्वंदीची निंदा म्हणून सांगत नाही. फक्त 'परिपूर्ण' वगैरे म्हणण्याआधी तिच्या संसाराची ही बाजूही माहीत असावी.

आता माझी बरणी.

क्लॅमिडोमोनसची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. नुसत्या डोळ्याने दिसतो तो फक्त पाण्याला आलेला हिरवा रंग. बरणी खिडकीत ठेवली की खिडकीकडच्या काचेला हिरवा पट्टा धरतो, खोलीकडची बाजू फिकी राहते. बरणी अर्धी फिरवून ठेवावी आणि चहा पिऊन यावं. तोवर पट्टा पुन्हा उजेडाकडे सरकायला लागलेला असतो. नव्याने नोकरीला लागले तेव्हा हा प्रकार पाहून मी सरांना विचारलं होतं, हे झाड की प्राणी? सर म्हणाले, ते दोन्ही कप्पे आपण केलेत, त्याने नव्हे.

सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर सुरुवातीला हाती काहीच लागत नाही, कारण ती पेशी थांबत नाही. हिरवा ठिपका गरगरत येतो आणि दृष्टीच्या वर्तुळातून निघून जातो. मग काचपट्टीच्या कडेला आयोडीनचा थेंब लावायचा. आयोडीन आत झिरपलं की एकेक पेशी जागीच मरते आणि तेव्हा कुठे दिसते. पुढच्या टोकाला पोहायच्या दोन बारीक केसांसारख्या कशाभिका. आत पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक (अन्न तयार करणारा हिरवा भाग), जवळजवळ सगळी पेशी व्यापलेलं. पेल्याच्या बुडाशी एक गोल गाठ, तिच्याभोवती स्टार्चचं कवच, ते आयोडीनने काळंनिळं झालेलं. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकल्यावर येतो तोच रंग. जास्वंदीच्या पानातही तोच येतो, फक्त आधी पान स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढावा लागतो. हरितद्रव्य 'अ' आणि 'ब' दोघांकडे तेच. स्टार्च दोघांकडे तोच, आणि तो साठवायची जागाही हरितलवकाच्या आतच. पत्रलेखकांनी ज्या दोघांना देव्हारा आणि उकिरडा अशा दोन टोकांना बसवलं, त्यांचं स्वयंपाकघर असं एकाच पद्धतीचं आहे.

फरक आहे तो कामाच्या वाटणीत. जास्वंदीत मुळं पाणी ओढणार, खोड ते वर नेणार, पान अन्न करणार, फूल पुढची पिढी बघणार. पानाची पेशी मुळाचं काम करत नाही आणि पाकळीची पेशी जवळपास कुठलंच पोटापाण्याचं काम करत नाही, ती मिरवते. शैवालाची पेशी म्हणजे आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेतल्या बाई. घंटाही त्यांनीच द्यायची, चारी वर्ग त्यांनीच शिकवायचे, हजेरी, माध्यान्ह आहार, जनगणना सगळं त्यांच्याच गळ्यात. अशा बाईंना क्षुद्र म्हणायची हिंमत निदान मला तरी होणार नाही.

गोड्या पाण्यात राहायचं म्हणजे आणखी एक काम वाढतं. पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी सारखं आत शिरत राहतं. जास्वंदीच्या पेशीला सेल्युलोजची भक्कम भिंत असते, पाणी आत शिरलं की ती ताठ होते आणि झाड उभं राहतं. क्लॅमिडोमोनसची भित्तिका सेल्युलोजची नाही, साखर जोडलेल्या प्रथिनांची आहे, आणि तिच्यावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कशाभिकांच्या बुडाशी दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. एक भरते तोवर दुसरी रिकामी होते. दर काही सेकंदांनी, दिवसरात्र, आत आलेलं पाणी बाहेर. हे बघायला पेशी जिवंत हवी आणि स्थिरही हवी, म्हणून आम्हाला ते फार कमी वेळा नीट दिसलं. दिसलं त्या दिवशी सरांनी पुढच्या तासाच्या मुलांनाही आत बोलावलं होतं.

कशाभिकांविषयी थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्या बाबतीत शैवाल जास्वंदीपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचं आहे. जास्वंदीच्या सबंध शरीरात पोहू शकणारी एकही पेशी नाही. नेच्यांना, मॉससारख्या वनस्पतींना अजून पोहणारी नरपेशी लागते. फुलझाडांनी ती सोडून दिली, त्यांची नरपेशी परागनलिकेतून अंडाशयापर्यंत पोचवली जाते. क्लॅमिडोमोनसची कशाभिका मात्र आतून कापली तर मध्ये दोन आणि भोवती नऊ जोड्या, अशी सूक्ष्म नळ्यांची रचना दिसते. माणसाच्या शुक्रपेशीच्या शेपटीत आणि आपल्या श्वासनलिकेतल्या कफ वर ढकलणाऱ्या केसांत नेमकी तीच रचना आहे. या कशाभिकेच्या आत बांधकामाचं सामान खालीवर वाहून नेलं जातं, हे १९९३ साली पहिल्यांदा दिसलं ते याच शैवालात. पुढे २००० साली कळलं की ही वाहतूक करणारं शैवालातलं एक जनुक आणि उंदरात बिघडलं की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात ते जनुक, एकाच घराण्यातली आहेत. मूत्रपिंडाच्या आनुवंशिक रोगाचा धागा डबक्यातल्या हिरव्या ठिपक्यापर्यंत जातो, हे मी निवृत्तीनंतर वाचलं आणि बरणी धुताना किती वेळा ते पाणी सिंकमध्ये ओतलं ते आठवलं.

दुसरी गोष्ट डोळ्याची. या पेशीत हरितलवकाच्या कडेला एक नारिंगी ठिपका असतो, नेत्रबिंदू. पेशी पोहताना स्वतःभोवती फिरते, त्यामुळे त्या ठिपक्याची सावली त्याच्यालगतच्या प्रकाशग्राही प्रथिनांवर पडते, सरते, पुन्हा पडते, आणि त्यावरून उजेड कुठून येतो हे तिला कळतं. जास्वंदही उजेडाकडे वळते, पण वाढून वळते, एका बाजूची वाढ जास्त झाली की फांदी झुकते, दिवस लागतात. शैवाल तिथल्या तिथे वळतं. हे प्रकाशग्राही प्रथिन २००२ साली ओळखलं गेलं. त्याच प्रकारचं, क्लॅमिडोमोनसच्याच दुसऱ्या एका जातीतलं प्रथिन वापरून, दृष्टिपटलाच्या रोगाने आंधळ्या झालेल्या एका माणसाला खास चष्म्याच्या मदतीने टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. डोळ्यांचे डॉक्टर फोंड्यातही आहेत, खात्री करून घ्यावी.

या जीवाचा अभ्यास करणारे लोक त्याच्या शोधात कुठे दूरच्या समुद्रावर गेले नव्हते. जगभरच्या प्रयोगशाळांत आज वापरात असलेला मुख्य वाण १९४५ साली गिल्बर्ट स्मिथ यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका बटाट्याच्या शेताच्या मातीतून वेगळा केला. त्याच्या जनुकसंचाचं वाचन २००७ साली छापून आलं, सुमारे १५ हजार जनुकं भरली. माणसाची वीस हजारांच्या आसपास आहेत. आपल्याकडे मद्रासला एम. ओ. पी. अय्यंगार यांनी या गटातल्या शैवालांवर आयुष्य घातलं. तेही तळ्याडबक्यांचंच पाणी बघत होते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण तो शाळेतही कानावर यायचा: शैवाल हे जास्वंदीचं पूर्वज, म्हणजे जुनं, मागे राहिलेलं. तसं नाही. जमिनीवरच्या झाडांचे पूर्वज हिरव्या शैवालांच्या दुसऱ्या शाखेतले, स्पायरोगायरा आणि कारा ज्या शाखेत येतात तिथले. क्लॅमिडोमोनसची शाखा त्याच्या फार आधी वेगळी झाली आणि तेव्हापासून तीही तितकाच काळ चालत आली आहे. नातं चुलत घराण्याचं आहे, आजोबा-नातवाचं नव्हे.

आता तळीकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

पत्रलेखकांना माहीत नसावं, पण ते म्हणतात त्यातलं अर्धं काम होऊन गेलेलं आहे. सुशोभीकरणात गेल्या पावसाळ्याआधी तळीच्या वरच्या अंगाला, उतारावर, जास्वंदीची रांग लावली गेली. झाडं लवकर वाढावीत म्हणून प्रत्येक आळ्यात मिश्र खत आणि युरिया मूठमूठ घातला गेला, पुन्हा पाऊस ओसरल्यावर घातला गेला. जास्वंदी मोठ्या दिमाखात फुलल्या. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तळी हिरवी झाली. याआधी ती कधीच हिरवी होत नव्हती असं नाही, एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलं आणि ऊन वाढलं की थोडी झाक यायचीच. पण पायरीवरून दुसरी पायरी दिसेनाशी झाली ती यंदा.

यात गूढ काही नाही. जास्वंदीला जे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) लागतं तेच शैवालाला लागतं. नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि आळं ओलांडून उताराने खाली जातं. स्फुरदाचं जरा वेगळं आहे. आपली माती जांभ्याची, लोहाने भरलेली, आणि हे लोह स्फुरदाला धरून ठेवतं, सहजासहजी सोडत नाही. म्हणून शेतकऱ्याला वाटतं खत वाया गेलं नाही, मातीत आहे. पण पावसात ती लाल मातीच धुऊन तळीत येते, स्फुरदासकट. तळाला बसते. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि स्फुरद पाण्यात मोकळं होतं. शैवाल वरती वाटच बघत असतं. भरपूर उजेड आणि भरपूर खत मिळालं की क्लॅमिडोमोनसची एक पेशी आईच्या भिंतीच्या आतच दोन, चार, आठ अशी विभागते, भिंत फोडून पोरं बाहेर पडतात, आणि आई म्हणून मागे काही उरत नाही, नुसतं रिकामं टरफल. हे एका दिवसात होऊ शकतं. जास्वंदीच्या फांदीला तेवढ्या वेळात पानसुद्धा फुटत नाही. एकच खत दोघांना घातलं तर कोण आधी वाढणार हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

त्यात काठावरच्या दगडावर कपडे धुणाऱ्यांचा साबण आणि पाण्यात सोडलेलं निर्माल्य. निर्माल्यात मुख्यत्वे काय असतं? जास्वंद. म्हणजे वरून खत घालून जी फुलं वाढवायची, ती देवाच्या पायावरून तळीत, कुजून पुन्हा शैवालाच्या पोटात.

आणि यावर उपाय काय सुचतो, तर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. देवस्थान समितीतल्या कुणाच्या तरी डोक्यात ही कल्पना पोफळीवरून आली असणार. कोळेरोगावर आपण पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतो, त्यात मोरचूद असतंच. तिथे ते योग्य आहे, चुना घालून, प्रमाणात, घोसावर. तळीत टाकलं तर शैवाल मरेल, यात वाद नाही. दोन-तीन दिवस पाणी स्वच्छ दिसेल, फोटोही निघतील. मग मेलेलं शैवाल तळाला जाऊन कुजायला लागेल, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाईल, पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतील, नाही तर तांब्याने आधीच मेलेले असतील. आणि तळाचा प्राणवायू गेला की वर सांगितलेली लोहाची पकड आणखी सुटेल, स्फुरद आणखी मोकळं होईल, आणि पुढचं पीक आणखी दाट येईल. तांबं मात्र गाळातच राहील, ते कुठे उडून जात नाही. तळी उपसून कोरडी केली तरीही शैवाल संपत नाही. दिवस वाईट आले, नत्र संपलं, की क्लॅमिडोमोनसच्या दोन पेशी एकत्र येऊन जाड कवचाची गोळी करतात, आणि ती गोळी सुकलेल्या चिखलात उन्हाळा काढते. पहिल्या पावसाला पुन्हा हजर.

आणखी एक. तळीत आत्ता जे आहे ते क्लॅमिडोमोनसच आहे असं मी म्हणत नाही. हिरवं दिसतं ते सगळं एक नसतं. लांब केसांसारखे तंतू हाताला लागले तर ते स्पायरोगायरासारखं काहीतरी. आणि काठाला हिरवट-निळसर रंग ओतल्यासारखी साय जमत असेल, वास येत असेल, तर ते शैवाल नव्हे, ते नीलहरित जिवाणू. त्यांतले काही विषारी असतात, तिथे मुलांना आणि गुरांना पाण्यात उतरू देऊ नये. म्हणून काहीही टाकण्याआधी एक बाटलीभर पाणी जवळच्या कॉलेजात न्यावं. वनस्पतिशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी थेंब बघून सांगेल. दहा मिनिटांचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत. मोरचुदाची पोती विकत घेण्याआधी हे कुणाला सुचलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

जास्वंदी उपटा, असं मी म्हणणार नाही. लावल्या आहेत त्या राहू देत, मुळांनी उताराची माती धरतील. फक्त खत बंद करा. जास्वंद खताशिवाय मरत नाही, आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली माझ्या सासूबाईंच्या वेळची आहे. रांगेच्या खालच्या अंगाला हातभर गवताचा पट्टा राहू द्यावा, पेव्हर ब्लॉक तिथपर्यंत नेऊ नयेत. धुण्याच्या दगडाचं पाणी पाट काढून माडांना द्यावं. निर्माल्याला खड्डा करावा. आणि तळीचा गाळ मे महिन्यात पूर्वी काढायचे तसा काढावा, कारण सगळं साठलेलं खत तिथे आहे. माझ्या लहानपणी तो गाळ भाटात माडांच्या मुळाशी जायचा, त्यासाठी लोक आपापल्या पाट्या घेऊन यायचे आणि कुणाला किती यावरून थोडी भांडणंही व्हायची. आता तो काढायला कंत्राट लागतं आणि टाकायला जागा मिळत नाही म्हणतात. जागा समोर आहे. जास्वंदीच्या आळ्यात घाला, युरियाचे पैसे वाचतील.

मात्र हे सगळं मोरचूद टाकण्याआधी व्हायला हवं. एकदा तांबं गाळात गेलं की तो गाळ झाडांच्या मुळाशी घालायला मीच नको म्हणेन.

समितीची बैठक येत्या रविवारी दुपारी आहे. माझा आवाज बैठकीत फारसा पोचत नाही, म्हणून आपल्या दैनिकाचा आधार घेतला. मोरचुदाची पोती देवस्थानच्या खोलीत येऊन पडलेली आहेत. ती परत घेत नाहीत असं दुकानदाराने सांगितलं आहे म्हणे. गावात पोफळीवाले पुष्कळ आहेत आणि कोळेरोगाचे दिवस जवळ आले आहेत. त्यांनी ती घेतलेल्या भावात उचलावीत, म्हणजे समितीचेही पैसे बुडणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका,
फोंडा, गोवा